प्रयोगशाळेत कोण बसते?

यंत्राला जात नसते, असे म्हणणारे आपल्यातही कमी नाहीत. अल्गोरिदम म्हणजे गणित, आणि गणिताला कसली आली जात? या युक्तिवादाचे उत्तर अमेरिकेतील एमआयटी विद्यापीठाच्या मीडिया लॅबमधील एका प्रकल्पात आहे.

जॉय बुओलाम्विनी ही कृष्णवर्णीय विद्यार्थिनी तिथे चेहरा ओळखणारे सॉफ्टवेअर वापरत होती. कॅमेऱ्याला तिचा चेहरा दिसेना. पांढरा मुखवटा लावला, तर लगेच दिसला! तिने हा बिघाड म्हणून सोडून दिला नाही. आफ्रिका आणि युरोपातील सहा देशांच्या १२७० लोकप्रतिनिधींचे फोटो घेऊन तिने आयबीएम, मायक्रोसॉफ्ट आणि फेस प्लस प्लस या कंपन्यांची यंत्रणा तपासली. समोरचा चेहरा स्त्रीचा की पुरुषाचा, एवढेच ओळखायचे होते. गोऱ्या पुरुषांच्या बाबतीत चूक जास्तीत जास्त ०.८ टक्के. काळ्या स्त्रियांच्या बाबतीत ३४.७ टक्क्यांपर्यंत! टिमनित गेब्रू यांच्यासह तिने २०१८ मध्ये हे 'जेंडर शेड्स' या नावाने प्रसिद्ध केले. अशी यंत्रणा तपासण्यासाठी तोवर वापरल्या जाणाऱ्या एका फोटोसंचात ८६.२ टक्के चेहरे उजळ वर्णाचेच होते. ते कोणाला खटकले नव्हते.

मीडिया लॅब काही पुण्यभूमी नाही. जेफ्री एपस्टीनच्या देणग्यांवरून तिच्या संचालकाला २०१९ मध्ये राजीनामा द्यावा लागला. मुद्दा लॅबच्या चांगुलपणाचा नाहीच. ती मुलगी तिथे बसली होती म्हणून तो प्रश्न विचारला गेला.

आता आपल्याकडे बघा. नागपूर महापालिकेने सफाई कामगारांच्या मनगटावर जीपीएसची घड्याळे बांधली. कामगार कुठे थांबला, किती वेळ थांबला, सगळे नोंदले जाऊ लागले. कोणत्या ठेकेदाराने कोणाला कोणत्या गटारात उतरवले, हे नोंदणारे घड्याळ कोणाच्या मनगटावर आहे? तंत्रज्ञान तेच लागते. पण ते बनवावे असे सुचायला गटार माहीत असलेला माणूस प्रयोगशाळेत असावा लागतो.

आणि तो तिथे पोहोचू नये याची व्यवस्था चोख आहे. केंद्रीय शिक्षणसंस्थांत प्राध्यापकांच्या आरक्षणाचा कायदा २०१९ मध्ये झाला. २०२० मध्ये सरकारनेच नेमलेल्या समितीने आयआयटींना त्यातून वगळा, अशी शिफारस केली. कारण अर्थातच 'गुणवत्ता'! इकडे बार्टीच्या फेलोशिपसाठी आपल्या संशोधकांना २०२३ मध्ये आझाद मैदानात ठाण मांडून बसावे लागले. पीएचडी करायची की उपोषण?

आपल्याकडे भेदभावाला कातडीचा रंगही लागत नाही, आडनाव आणि वस्तीचा पत्ता पुरतो. नोकरीचे अर्ज चाळणारे, कर्ज मंजूर करणारे सॉफ्टवेअर या दोन गोष्टींचे काय करते, हे तपासणे हाच आपल्या मुलांचा पीएचडीचा विषय व्हायला हवा. तोवर एक काम कोणीही करू शकतो. आपल्या जवळच्या सरकारी विद्यापीठात इनोव्हेशन सेंटर असेल, तर माहिती अधिकारात अर्ज टाका: तिथे संशोधक किती, त्यात अनुसूचित जाती-जमातींचे किती, आणि गेल्या पाच वर्षांत कोणत्या विषयांवर किती पैसा खर्च झाला? उत्तर आले नाही, तर अपील करा.