माठ आणि लिफ्ट

मुलांनो, 1918 साली मुंबईच्या सिडनहॅम महाविद्यालयात सत्तावीस वर्षांचे एक प्राध्यापक रुजू झाले. परदेशी विद्यापीठात शिकून आलेले हे विद्वान म्हणजे भीमराव आंबेडकर. परंतु प्राध्यापकांसाठी ठेवलेल्या माठातील पाणी त्यांनी पिण्यास काही सहकाऱ्यांनी हरकत घेतली. पदवी मिळाली, पद मिळाले. पाणी मात्र मिळेना!

पुढे महाडच्या नगरपालिकेने 1924 साली चवदार तळे सर्वांस खुले केल्याचा ठराव केला. तो कागदावरच राहिला. 20 मार्च 1927 रोजी आंबेडकर हजारो अनुयायांसह तळ्यावर गेले आणि ओंजळीने पाणी प्याले, तेव्हा कोठे त्या ठरावास अर्थ आला. सुरेंद्रनाथ टिपणीस, अनंतराव चित्रे यांसारखे सवर्ण कार्यकर्ते त्यांच्या पाठीशी उभे राहिले. मला त्यांचे मोल फार वाटते. कारण त्यांना स्वतःला ते तळे कधीच बंद नव्हते.

हे सारे जुने झाले, असे तुम्ही म्हणाल. आमच्या कांजूरमार्गात आता उंचच उंच इमारती उभ्या राहिल्या आहेत. मुंबईतील अशा काही इमारतींत धुणीभांडी करणाऱ्या बायकांसाठी लिफ्ट निराळी असते. विचारावे, तर 'शिस्त' असे उत्तर मिळते. माठाजवळही असेच काही सांगितले गेले असेल! तेथे राहणारे तरुण अभियंते, डॉक्टर, वकील चांगले शिकलेले आहेत. सोसायटीच्या सभेत 'ही पाटी काढा' असे त्यांनीच म्हटले पाहिजे. बाईने म्हटले, तर तिचे काम जाण्याची भीती. यांचे काय जाणार? फार तर शेजारी चार दिवस रुसेल.