एका डिशवर अख्खी बिल्डिंग चालते, मग गच्चीवर इतक्या छत्र्या का?

सोसायटीत जितकी डीटीएच कनेक्शन, जवळपास तितक्या डिश गच्चीवर. खरंच इतक्या लागतात का?

साधा स्प्लिटर का चालत नाही?
डिशसमोरच्या एलएनबीला सेट-टॉप बॉक्स केबलमधूनच वीज देतो. १३ व्होल्ट दिले की उभ्या ध्रुवीकरणाचे चॅनेल येतात, १८ दिले की आडव्या. एका केबलमधून एका वेळी एकच गट येतो. दोन घरांनी वेगवेगळे गट मागितले, की एका घराचे चॅनेल गायब.

उपाय काय?
मल्टिस्विच. एलएनबीकडून सगळे गट वेगवेगळ्या केबलने त्यात येतात आणि प्रत्येक घराला हवा तो गट मिळतो. टाटा प्ले, एअरटेल, डीडी फ्री डिश यांचे उपग्रह आकाशात वेगवेगळ्या जागी आहेत. त्यामुळे प्रत्येक सेवेसाठी एक डिश लागतेच, प्रत्येक घरासाठी नाही. रिचार्ज मात्र ज्याचा त्याचा.

मग अडतं कुठे?
कनेक्शन घरागणिक मिळतं आणि डिशही त्यासोबत येते. सामायिक वायरिंगचा खर्च सोसायटीने ठरवायचा असतो. तो टाळला, तर स्लॅबमध्ये बोल्टसाठी पाडलेली भोकं वाढत जातात. पावसाळ्यात गळती होते ती वरच्या मजल्यावर.