नफ्याच्या आकड्याला विचारलेला प्रश्न

कला शाखेच्या वार्षिकांकात हिशेबशास्त्राचे नाव दिसले की वाचक पान उलटतो, हे मला ठाऊक आहे. जमाखर्च हा कॉमर्सवाल्यांचा प्रांत, त्यात कसले आले आहे संशोधन, अशी आपल्याकडे एक सोयीस्कर समजूत आहे. मी स्वतः अर्थशास्त्र शिकवतो. पण खरे संशोधन कसे असते हे विद्यार्थ्यांना सांगायची वेळ आली, की मी रे बॉल या ऑस्ट्रेलियन हिशेबतज्ज्ञाचे उदाहरण देतो. ज्या प्रश्नाचे उत्तर आपल्या विरुद्ध जाऊ शकते, असा प्रश्न विचारण्याची हिंमत त्याने विशीतच दाखवली. आपल्याकडच्या प्रबंधांत मला नेमकी हीच गोष्ट सापडत नाही.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत या शास्त्रातल्या बऱ्याच पंडितांचे मत असे होते, की कंपनी जाहीर करते तो नफ्याचा आकडा मुळात अर्थशून्य आहे. त्यांचे म्हणणे वाटते तितके पोरकट नव्हते. यंत्र वीस वर्षांपूर्वीच्या खरेदी किमतीने मांडलेले, घसारा अंदाजाने धरलेला, गोदामातल्या मालाची किंमत तिसऱ्याच नियमाने ठरवलेली, आणि बुडीत येणी किती धरायची हे व्यवस्थापकांच्या मर्जीवर. अशा नाना जातींच्या आकड्यांची बेरीज-वजाबाकी करून जे उरते ते म्हणजे सत्तावीस टेबलांतून आठ खुर्च्या वजा केल्यासारखे! म्हणून प्रत्येक पंडित नफ्याची आपली स्वतंत्र, निर्दोष व्याख्या मांडी आणि दुसऱ्याची खोडून काढी. वाद रंगत, निकाल मात्र कधी लागत नसे. कारण निकाल द्यायचा कोणी, हेच ठरलेले नव्हते.

शिकागो विद्यापीठात त्या वेळी बॉल आणि त्याचाच देशबांधव फिलिप ब्राउन हे दोघे शिकत होते. त्यांनी व्याख्येचा वाद बाजूला ठेवून एक साधा प्रश्न विचारला : आकडा जर पोकळ असेल, तर ज्यांचे पैसे गुंतलेले आहेत त्यांनी त्याकडे ढुंकूनही पाहू नये, मग तसे घडते का? न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातल्या २६१ कंपन्या त्यांनी निवडल्या आणि १९५७ ते १९६५ या वर्षांचे त्यांचे नफे तपासले. पाऊस चांगला झाला की गावातली सगळीच शेते पिकतात, त्याचे श्रेय एकट्या शेतकऱ्याला देता येत नाही. त्याचप्रमाणे एकूण बाजाराच्या चढउताराचा वाटा त्यांनी प्रत्येक भावातून काढून टाकला. मग अपेक्षेपेक्षा जास्त नफा दाखवणाऱ्या कंपन्या एका बाजूला आणि कमी दाखवणाऱ्या दुसऱ्या बाजूला ठेवून, नफा जाहीर होण्याच्या आधी आणि नंतर भाव कसा हलला ते पाहिले.

उत्तर दुधारी निघाले. पहिल्या गटाचे भाव चढले होते, दुसऱ्याचे उतरले होते. म्हणजे आकडा पोकळ नव्हता. परंतु भावांची ही हालचाल जवळजवळ वर्षभर आधीच सुरू झाली होती! आकड्यात जे सांगण्यासारखे असते त्यातले ८५ ते ९० टक्के, आकडा छापून येईपर्यंत बाजाराला इतर वाटांनी कळून चुकलेले असते, असा हिशेब निघाला. पंडितांनी ज्याला निरर्थक ठरवले तो खरा ठरला, पण शिळा. हिशेबनिसांनी आनंद मानावा की वाईट वाटून घ्यावे?

याहून मला मोलाची वाटते ती एक बारीक गोष्ट. नफा जाहीर झाल्यानंतरही महिना-दोन महिने भाव त्याच दिशेने थोडा थोडा सरकत राहिलेला दिसला. बाजार प्रत्येक बातमी तत्काळ पचवतो, या शिकागोच्या लाडक्या सिद्धांतात हे बसत नव्हते, आणि बॉल त्याच सिद्धांताच्या मांडवाखालचा. तरीही आलेखातले ते शेपूट छाटले गेले नाही. पुढे १९७८ साली अशा न बसणाऱ्या निष्कर्षांवर बॉलने स्वतंत्र निबंधच लिहिला. या सरकण्याचा अभ्यास आजही चालू आहे.

‘द अकाउंटिंग रिव्ह्यू’ या मानाच्या नियतकालिकाने त्या दोघांचा निबंध परत पाठवला. तो १९६८ साली दुसरीकडे छापला गेला, १९८६ साली त्याला अमेरिकन हिशेबतज्ज्ञांच्या संघटनेचा पायाभूत लेखनासाठीचा पहिलावहिला पुरस्कार मिळाला, आणि २०१४ साली त्याच ‘रिव्ह्यू’ने दोघांकडून त्याचे सिंहावलोकन छापले. संपादकांनाही उशिरा का होईना उपरती होते, असे म्हणायचे!

पुढे क्वीन्सलंड, सिडनी, रॉचेस्टर आणि पुन्हा शिकागो असा बॉलचा प्रवास झाला. त्याच्या उत्तरकाळातला प्रश्न आपल्या अधिक जवळचा आहे : तोटा झाला तर तो लगेच कबूल कोण करतो? एस. पी. कोठारी (हे पिलानी आणि अहमदाबादला शिकलेले) आणि अशोक रॉबिन यांच्याबरोबर त्याने २००० साली देशोदेशींचे ताळेबंद ताडून पाहिले. २००३ साली हाँगकाँग, मलेशिया, सिंगापूर आणि थायलंड यांचा अभ्यास झाला. या ठिकाणचे नियम चांगले इंग्रजी वळणाचे. तरी हिशेबांचा दर्जा त्या मानाचा नव्हता. कारण आकडे लिहिणाऱ्याला खरे लिहिण्यात काय मिळते आणि खोटे लिहून काय गमवावे लागते, यावर ताळेबंद ठरतो. नियमांचे पुस्तक तेवढ्याने पुरत नाही. आपण हे ७ जानेवारी २००९ रोजी पाहिले. सत्यमच्या अध्यक्षांनी स्वतःच पत्र लिहून कळवले, की पुस्तकात दाखवलेली सुमारे ५,०४० कोटी रुपयांची रोकड व बँकशिल्लक अस्तित्वातच नाही. नियमही होते, लेखापरीक्षकही होते.

आता आपल्याकडे वळतो. ‘अमुक तालुक्यातील तमुक योजनेचा चिकित्सक अभ्यास’ या थाटाचे प्रबंध मी पुष्कळ चाळले आहेत. पन्नास जणांना प्रश्नावली, टक्केवारीचे तक्ते, आणि शेवटी सगळी गृहीतके सिद्ध! एखादे तरी खोटे ठरले, असे सांगणारा प्रबंध माझ्या हाती अजून आलेला नाही. याचा दोष मी विद्यार्थ्यांना देत नाही. गृहीतक कोसळले तर पदवी अडकेल, अशी धास्ती आपणच, म्हणजे मार्गदर्शकांनीच, त्यांच्या मनात घातली आहे. बॉलजवळ संगणक होता, चुंबकीय फितींवर साठवलेले भाव होते, हे खरे. पण त्याच्या आधीच्या पंडितांचे घोडे सामग्रीअभावी अडले नव्हते, प्रश्नापाशीच अडले होते.

आणि सामग्री तर आपल्या दारात पडलेली आहे. आपल्या वर्गातली निम्मी मुले साखर कारखान्याच्या सभासदांच्या घरांतली. वार्षिक सभेआधी प्रत्येक घरी मराठीत छापलेला अहवाल येतो. वर अध्यक्षांचा फोटो, आत ताळेबंद व नफा-तोटा पत्रक. त्यातले आकडे सभासदाला काही सांगतात का? बॉलची पट्टी येथे जशीच्या तशी लागू पडणार नाही, कारण सहकारी कारखान्याच्या भागाला बाजारभाव नसतो. पण सभा सप्टेंबरअखेरपर्यंत होते आणि गळीत त्यानंतर सुरू होते. आपला ऊस याच कारखान्याला घालायचा की शेजारच्या, हे पुष्कळ सभासद त्याच सुमारास ठरवतात. दहा वर्षांचे अहवाल आणि त्या त्या हंगामात सभासदांनी घातलेला ऊस, एवढे दोन तक्ते शेजारी ठेवायला वही-पेन्सिल पुरे. एम.ए.च्या कोणा विद्यार्थ्याला हे करायचे असेल तर त्याने मला भेटावे. उत्तर ‘नाही’ असे आले, तरी मी सही करीन.