पाकिटावरील अक्षरें आणि आपली ज्वारी

गेल्या कांहीं वर्षांत शहरांतील दुकानांतून 'ग्लूटेनमुक्त' हा शब्द पिठाच्या, बिस्किटांच्या व फराळाच्या पाकिटांवर वारंवार दिसूं लागला आहे. सन 2023 हें वर्ष संयुक्त राष्ट्रसंघानें भरड धान्यांचें वर्ष म्हणून पाळिलें. तेव्हांपासून ज्वारी, बाजरी व नाचणी यांच्या पिठावरही हा शब्द छापण्याची हौस वाढली आहे. आपल्यापैकीं जे शेतकरी स्वतः पीठ करून विकतात, तेही हा शब्द छापण्याच्या विचारांत असतात. परंतु हा शब्द कोणासाठीं आहे व त्यानें विकणारावर कोणती जबाबदारी येते, याचा विचार विकणारा क्वचितच करितो. आणि घेणाराही पाकीट उलटून मागील बारीक अक्षरें वाचीत नाहीं. या दोन्ही गोष्टींविषयीं चार शब्द लिहावे असें आम्हांस वाटतें.

प्रथम ग्लूटेन म्हणजे काय तें पाहूं. गव्हाच्या कणकेचा गोळा पाण्याखालीं धरून चोळीत राहिलें म्हणजे त्यांतील पांढरें सत्त्व वाहून जातें व शेवटीं हातांत रबरासारखा चिवट लगदा उरतो. तो लगदा म्हणजेच ग्लूटेन. पोळी लाटतां येते व पाव फुगतो तो याच गुणानें. बहुतेक माणसांस तो पचतो व त्यापासून कांहीं अपाय नाहीं. परंतु कांहीं माणसांच्या शरीरास तो मुळींच सोसत नाहीं. गहूं, जव व राय या धान्यांतील हें द्रव्य पोटांत गेलें कीं त्यांच्या लहान आंतड्याच्या आंतील बाजूस इजा होते, खाल्लेलें अन्न अंगीं लागत नाहीं, मुलांची वाढ खुंटते, रक्त कमी होतें, कित्येकांस हगवण लागते. या रोगास सीलिॲक म्हणतात. उत्तर भारतांत 2011 साली प्रसिद्ध झालेल्या एका पाहणींत सुमारें शंभर माणसांत एकास हा रोग आढळला. ज्या प्रांतीं गहूं हेंच मुख्य अन्न, तेथें तो अधिक दिसतो. आपल्याकडेही आतां ज्वारीच्या भाकरीची जागा पोळीनें व बिस्किटांनीं बरीच घेतली आहे, हें विसरतां कामा नये.

या रोगाचें मूळ गव्हांत आहे हें हॉलंडांतील विलेम कारेल डिक्के या बालरोगतज्ज्ञानें दाखविलें. सन 1944-45 च्या हिंवाळ्यांत त्या देशांत दुष्काळ पडून पाव मिळेनासा झाला, त्या काळांतील अनुभवानें त्याच्या मतास बळकटी आली, आणि 1950 साली त्यानें आपला प्रबंध प्रसिद्ध केला. इतकीं वर्षें लोटलीं तरी नित्याच्या उपचारांत या रोगावर पथ्य हेंच औषध आहे, आणि तें जन्मभर पाळावयाचें आहे. येथें एक सूचना अवश्य करावीशी वाटते. कोणास असा संशय आला तर त्यानें आपल्याच मतानें गहूं सोडूं नये. आधीं डॉक्टरांकडून रक्ताची व जरूर तर आंतड्याची तपासणी करून घ्यावी. कारण गहूं आधींच सोडल्यास तपासणींत रोग लपून राहण्याचा संभव असतो.

अशा रोग्याचें सारें रक्षण पाकिटावरील अक्षरांत आहे. आम्ही महसूल खात्यांत लेखनिकाचें काम केलें. तेथें एक गोष्ट पक्की शिकलों कीं, सातबाऱ्यावर मालकाचें नांव मोठें दिसलें म्हणून जमीन निर्वेध ठरत नाहीं. इतर अधिकारांचा रकाना वाचल्याशिवाय शहाणा मनुष्य खरेदी करीत नाहीं. पाकिटाचेंही तसेंच आहे. पुढल्या बाजूस चित्र व नांव असतें, बोजा मागल्या बाजूस लिहिलेला असतो. आपल्या देशांतील 2020 च्या नियमांप्रमाणें घटकद्रव्यें उतरत्या प्रमाणानें लिहावीं लागतात. म्हणजे जें सर्वांत अधिक तें प्रथम. 'नाचणी बिस्किट' असें नांव असून पहिलें घटकद्रव्य मैदा असेल, तर तें नाचणीच्या वासाचें मैद्याचें बिस्किट आहे, हें ओळखावें.

त्याच नियमांनीं ज्या पदार्थांची बाधा होण्याचा संभव असतो त्यांची निराळी नोंद करणें भाग आहे. त्यांत ग्लूटेन असणारीं धान्यें येतात. गहूं, जव, राय व ओट्स हीं सर्व त्यांत धरलीं आहेत. 'कन्टेन्स' या शब्दापुढें जें लिहिलें असेल तें त्या पदार्थांत आहेच असें समजावें. 'मे कन्टेन' असें असेल तर तो पदार्थ मुद्दाम घातलेला नाहीं, परंतु त्याच कारखान्यांत त्याची सरमिसळ झाली असूं शकेल, असा अर्थ होतो. सीलिॲकच्या रोग्यानें दोन्ही पाकिटें परत ठेवावीं.

इंग्रजी अक्षरांत जे शब्द येतात ते घरांतील प्रत्येकास तोंडपाठ असावे. 'व्हीट' म्हणजे गहूं, 'रिफाइन्ड व्हीट फ्लोअर' म्हणजे मैदा, 'सेमोलिना' म्हणजे रवा, 'बार्ली' म्हणजे जव, आणि 'माल्ट' म्हणजे बहुधा मोड आणून भाजलेला जवच. दुधांत घालावयाच्या पुष्कळ पौष्टिक भुकट्यांत हा माल्ट असतो. हिंदी अक्षरें असतील तर 'सूजी' म्हणजे रवा, 'जौ' म्हणजे जव व 'जई' म्हणजे ओट्स. उलट 'बकव्हीट' या नांवांत व्हीट असला तरी तो गहूं नव्हे. तो कुट्टू होय, व त्यांत ग्लूटेन नाहीं. 'गहूंविरहित' म्हणजे 'ग्लूटेनमुक्त' असेंही समजूं नये, कारण त्यांत जव असूं शकतो. खपली गहूं पचनास हलका म्हणून पुष्कळजण घेतात. तो गहूंच आहे व या रोग्यास वर्ज्यच आहे.

जेथें संशयही येत नाहीं अशा जागा आणखी निराळ्या. डबींतील बांधणीचा हिंग शुद्ध हिंग नसतो. त्यांत डिंक व पीठ मिसळलेलें असतें, आणि तें पीठ पुष्कळदां गव्हाचें असतें. आमच्या ओळखीच्या एका घरीं मुलाची पोळी बंद करूनही त्याचें दुखणें हटेना. शेवटीं फोडणीचा हिंग व गव्हामागून त्याच चक्कींत दळलेलें ज्वारीचें पीठ, हीं दोन कारणें हातीं लागलीं. मेतकुटांत थोडे गहूं घालण्याची जुनी चाल आहे. सातूच्या पिठांत कोठें जव, तर कोठें गहूं असतात. सोयाच्या सॉसमध्यें बहुधा गहूं असतो. भाजणी तर ज्या घरची तिची तीच. विचारल्याशिवाय कळत नाहीं.

येथें आमची एक तक्रार आहे. पाकिटावरील हा सर्व मजकूर इंग्रजीत किंवा देवनागरी हिंदींत असला कीं कायद्याचें समाधान होतें. मराठींत छापण्याची सक्ती नाहीं, मुभा मात्र आहे. ज्या माउलीस मुलाचें पथ्य सांभाळावयाचें तिला इंग्रजी येत नसेल, तर तिनें शाळेंत जाणाऱ्या मुलाकडून तीं बारीक अक्षरें वाचून घ्यावीं काय? निदान बाधक पदार्थांची एक ओळ तरी त्या त्या प्रांताच्या भाषेंत असलीच पाहिजे, असें आमचें स्पष्ट मत आहे. आणि कायदा होईपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. आपला माल आपल्याच लोकांस विकतांना आपण ती ओळ मराठींत आपण होऊन छापावी.

आतां शेतकऱ्याकडे वळूं. ज्वारी, बाजरी, नाचणी, वरई, तांदूळ, राजगिरा, शिंगाडा यांत मुळांतच ग्लूटेन नाहीं. परंतु धान्य शुद्ध असणें व पीठ शुद्ध असणें यांत अंतर आहे. ज्या मालावर 'ग्लूटेनमुक्त' लिहावयाचें त्याच्या एका किलोंत 20 मिलिग्रॅमहून अधिक ग्लूटेन असतां कामा नये, असा आपला नियम आहे. 20 हून अधिक व 100 पर्यंत असेल तर तो 'ग्लूटेन कमी' असलेला माल, व तो या रोग्यांच्या कामाचा नाहीं. या 20 मिलिग्रॅमचा हिशेब मांडून पाहावा. गव्हाचा एक दाणा सुमारें 40 मिलिग्रॅम भरतो व त्यांत दहावा हिस्सा ग्लूटेन धरलें, तर एका दाण्यांत 4 मिलिग्रॅम झालें. म्हणजे एक किलो ज्वारींत गव्हाचे पांच दाणे पडले कीं मर्यादा गांठली, व सहावा पडला कीं ती ओलांडली. सबंध क्विंटलास पाहूं गेल्यास पांचशें दाणे, म्हणजे अवघे 20 ग्रॅम. एक मूठही नव्हे!

रब्बीची ज्वारी व गहूं यांची मळणी थोड्याफार अंतरानें एकाच हंगामांत होते. तेंच मळणीयंत्र सकाळीं एकाच्या गव्हावर चालतें व दुपारीं दुसऱ्याच्या ज्वारीवर. पोतीं तींच, ताडपत्री तीच, आणि गांवची चक्की तर सर्वांची एकच. चक्कीच्या पाळ्यांत व तोंडाशीं मागल्या दळणाचें जें पीठ राहतें, तें पाव ग्रॅमहून किती तरी अधिक असतें. आणि मर्यादा मोडण्यास किलोमागें तेवढें पुरें आहे. ज्वारी आपली अस्सल मंगळवेढ्याची असली तरी अशा वाटेनें आलेल्या पिठावर 'ग्लूटेनमुक्त' छापणें म्हणजे न पाहिलेल्या शेताचा पंचनामा लिहून देणें होय.

म्हणून आमचें सांगणें असें. ज्यांस हा शब्द वापरावयाचा असेल त्यांनीं मळणीयंत्र आधीं झाडून घ्यावें व पहिलें एक-दोन पोतीं धान्य निराळें काढावें. पोतीं नवीं वापरावीं. धान्य निवडून घ्यावें. आणि दळण्यास अशी चक्की ठेवावी कीं जिच्यांत गहूं कधींच पडत नाहीं. चार-सहा गांवच्या शेतकऱ्यांनीं मिळून अशी एक चक्की चालविणें कांहीं अशक्य नाहीं. त्यावरही माल मान्यताप्राप्त प्रयोगशाळेंत तपासून घेतल्याशिवाय तो शब्द छापूं नये. ज्यांस हें परवडत नाहीं त्यांनीं 'ज्वारीचें पीठ. गहूं दळणाऱ्या चक्कींत दळलेलें' असें सरळ लिहावें. त्यांत कमीपणा कांहींच नाहीं, आणि निरोगी गिऱ्हाईक तें पीठ खुशाल घेईल.

कोणी म्हणतील, मूठभर रोग्यांसाठीं एवढा खटाटोप कशास? परंतु हा शब्द त्या मूठभरांसाठींच आहे. इतरांस त्याची गरज नाहीं. तो छापून आपण अधिक भाव घेतों, तो त्यांच्याच विश्वासावर. बाकीच्या कोणा गिऱ्हाइकाचा आपल्या चुकीनें कांहीं तोटा होणार नाहीं. ज्याचा होईल तें एखादें वाढीचें मूल असेल, आणि त्याच्या आईस कारण कळणारही नाहीं. ज्वारीस आज कित्येक वर्षांनीं बरे दिवस येत आहेत. ते टिकावे असें वाटत असेल, तर पाकिटावरील शब्द आपण दिलेल्या शब्दाइतकाच खरा असला पाहिजे.