फाटकावरचा कॅमेरा कोणावर रोखलेला आहे?

मुंबई-पुण्यातील कोणत्याही मोठ्या गृहसंकुलाच्या फाटकाशी सकाळी सात वाजता उभे राहिले, म्हणजे नव्या सुरक्षाव्यवस्थेचे सामाजिक स्वरूप ध्यानात यावयास वेळ लागत नाही. काचेवरची पट्टी ओळखून अडसर आपोआप वर जातो आणि मोटार आत शिरते. तीत कोण बसले आहे याची चौकशी कोणी करीत नाही. शेजारच्या अरुंद वाटेवर मात्र धुणीभांडी करणाऱ्या स्त्रिया, स्वयंपाकाच्या बाई, मोटारी धुणारा तरुण, वर्तमानपत्रे टाकणारा मुलगा यांची रांग लागलेली असते. त्यांनी यंत्रासमोर चेहरा धरावयाचा, नाहीतर अंगठा टेकवावयाचा, सांकेतिक अंक सांगावयाचा आणि परतताना पिशवी उघडून दाखवावयाची. एकाच फाटकातून जाणाऱ्या माणसांचे असे दोन वर्ग पाडणाऱ्या या व्यवस्थेला ‘सुरक्षा’ असे निरागस नाव मिळाले आहे. हे नाव कितपत सार्थ आहे, हे तपासून पाहणे अगत्याचे आहे.

सुरक्षितपणे जगण्याची इच्छा ही काही धनिकांची मिरासदारी नव्हे. घरात एकट्या राहणाऱ्या वृद्धेला ती असते, तशीच रात्रपाळीहून परतणाऱ्या कामगार स्त्रीलाही असते. यंत्रांचा काहीच उपयोग नाही, असे म्हणणेही अशास्त्रीय ठरेल. वेल्श आणि फॅरिंग्टन या गुन्हेशास्त्रज्ञांनी अनेक ठिकाणच्या प्रयोगांचा एकत्रित आढावा घेतला, तेव्हा मोटारतळांवरील गुन्हे कॅमेऱ्यांमुळे लक्षणीय प्रमाणात घटल्याचे त्यांना आढळले. हिंसक गुन्ह्यांवर मात्र असा परिणाम दिसला नाही. याचा सरळ अर्थ असा की, कॅमेरा मोटारीचे रक्षण बऱ्यापैकी करतो, माणसाचे करीलच असे नाही. विक्रेत्यांच्या जाहिरातींत मात्र मोटार नसते. आई आणि मूल असते. भीतीचा व्यापार असा चालतो.

माणसाच्या रक्षणाचा प्रश्न मुंबईपुढे २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री अत्यंत क्रूर स्वरूपात उभा राहिला. ताजमहाल हॉटेलातील कॅमेऱ्यांनी हल्लेखोरांना टिपले. ते चित्रण आजही उपलब्ध आहे. परंतु पाहुण्यांचे जीव वाचवले ते कॅमेऱ्यांनी नव्हे. स्वतःला पळून जाण्याची संधी असतानाही मागे थांबून पाहुण्यांना सुरक्षित जागी नेणारे आचारी, वाढपी, दूरध्वनीचालक हे वाचवणारे होते आणि त्यांपैकी काहींनी त्यासाठी प्राण दिले. छत्रपती शिवाजी टर्मिनसवर विष्णू झेंडे या उद्घोषकाने ध्वनिक्षेपकावरून सतत सूचना देऊन प्रवाशांना गोळीबारापासून दूर नेले. गिरगाव चौपाटीवर तुकाराम ओंबळे यांनी गोळ्या झेलत बंदुकीची नळी धरून ठेवली, म्हणून एक हल्लेखोर जिवंत हाती लागला. या घटनेपासून घ्यावयाचा धडा उघड होता: जागरूक, प्रशिक्षित, आपल्या कामाविषयी आपुलकी बाळगणारा आणि म्हणूनच सन्मानाने वागवला जाणारा कर्मचारी हीच खरी सुरक्षा होय. प्रत्यक्षात धडा घेतला गेला तो यंत्रखरेदीचा. तपासणीच्या कमानी आल्या, सामान पारखणारी यंत्रे आली. आणि ज्या वर्गाने त्या रात्री पाहुण्यांना वाचवले, त्याच वर्गाची नोकरांच्या दारावर जाता-येता होणारी झडती जशीच्या तशी राहिली.

ज्या यंत्रांवर एवढी श्रद्धा ठेवावयाची, ती स्वतः तरी कितपत भरवशाची आहेत? हॉटेलांतील इलेक्ट्रॉनिक कुलुपांचाच इतिहास पाहावा. २०१२ साली ओनिटी कंपनीच्या, जगभरातील लक्षावधी खोल्यांच्या दारांवर बसवलेल्या कुलपाच्या खालच्या छिद्रात एक स्वस्त, घरी जुळवता येणारे साधन खुपसले की ते क्षणार्धात उघडते, हे एका संशोधकाने जाहीर सभेत दाखवून दिले. त्याच वर्षी अमेरिकेतील ह्यूस्टन शहरात हॉटेलांच्या खोल्यांतून या पद्धतीने चोऱ्या झाल्याचे उघडकीस आले. मार्च २०२४ मध्ये संशोधकांच्या दुसऱ्या गटाने डोर्माकाबा कंपनीच्या सॅफलॉक कुलुपांतील दोष प्रसिद्ध केला. एखाद्या हॉटेलातील कोणतेही एक जुने कार्ड मिळवले की त्यावरून बनावट कार्डांची जोडी तयार करून त्या हॉटेलातील कोणतेही दार उघडता येत होते. अशी कुलुपे १३१ देशांत ३० लाखांहून अधिक दारांवर होती. कंपनीला या दोषाची माहिती सप्टेंबर २०२२ मध्येच देण्यात आली होती. तरी तो जाहीर झाला त्या वेळी सुमारे एक-तृतीयांश कुलुपांचीच दुरुस्ती झाली होती. मधल्या दीड वर्षात त्या खोल्यांतून एखादी वस्तू गेली असेल, तर पहिला संशय कोणावर आला असेल? खोली झाडणाऱ्या बाईवर. यंत्र निर्दोष आणि माणूस संशयित हे या व्यवस्थेचे गृहीतकृत्यच आहे.

कॅमेऱ्यांची कथा याहून वेगळी नाही. २०१६ च्या ऑक्टोबरात ‘मिराई’ नावाच्या घातक आज्ञावलीने कारखान्यातून येतानाचे संकेतशब्द तसेच राहिलेले हजारो कॅमेरे आणि चित्रणयंत्रे ताब्यात घेतली आणि त्यांच्या बळावर अमेरिकेतील इंटरनेट-सेवेचा मोठा भाग काही तास ठप्प केला. घराची राखण करणारे यंत्र घरमालकाच्या नकळत लुटारूंच्या सैन्यात भरती झाले होते. २०२३ मध्ये अमेरिकेच्या व्यापार आयोगाने घरगुती कॅमेरे विकणाऱ्या ‘रिंग’ कंपनीवर कारवाई केली. ग्राहकांच्या शयनगृहांतील खाजगी चित्रणे कंपनीचेच कर्मचारी पाहत असल्याचा त्यात आरोप होता. आणि २०२५ च्या फेब्रुवारीत राजकोट येथील एका प्रसूतिरुग्णालयातील स्त्रियांच्या तपासणीची चित्रणे चोरून विकली जात असल्याचे उघड झाले. स्त्रियांच्या संरक्षणाच्या नावाने बसवलेला कॅमेराच त्यांच्या विटंबनेचे साधन बनला. माहिती एकदा साठवली की ती कोणाच्या तरी हाती पडते, हा या क्षेत्रातील नियम आहे, अपवाद नव्हे.

अशा स्थितीत गृहसंकुलांच्या प्रवेशयंत्रणांत कोणाची माहिती सर्वाधिक साठते? घरकामगार स्त्रियांची. त्यांचे छायाचित्र, दूरध्वनिक्रमांक, कोणत्या घरी किती वाजता गेली, किती दिवस आली नाही, हे सर्व नोंदले जाते. काही यंत्रणांत तर मालकिणीने कामवालीला गुण देण्याचीही सोय असते. बाईला मात्र मालकिणीला गुण देता येत नाहीत. कोणत्या घरी पगार वेळेवर मिळतो, कोणत्या घरी शिळे अन्न पुढे करतात, कोणत्या घरातील पुरुषापासून सावध राहावे, ही माहिती कोणतेही यंत्र साठवीत नाही. एका घराशी वाद झाला आणि फाटकावर नाव बंद झाले, की संपूर्ण संकुलातील पाच-सहा घरांचे काम एका क्षणात जाते. सुनावणी नाही, अपील नाही. पूर्वी एका मालकिणीची मर्जी सांभाळावी लागे. आता शेकडो मालकांची एकत्रित मर्जी एका कळीवर आली आहे.

यावर उत्तर दिले जाते की, हे सारे त्यांच्या संमतीने होते. २०२३ च्या डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यानेही संमतीच प्रमाण मानली आहे. परंतु ती मुक्त, विनाअट आणि माहितीपूर्ण असावी, असेही तोच कायदा म्हणतो. अंगठा दिला नाही तर काम नाही आणि काम नाही तर चूल पेटत नाही, अशा स्थितीत दिलेल्या अंगठ्याला मुक्त संमती म्हणणे हा शब्दांचा छळ आहे. २४ ऑगस्ट २०१७ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांच्या पीठाने खाजगीपणाचा हक्क मूलभूत असल्याचा निर्वाळा एकमताने दिला. तो हक्क सदनिकाधारकापुरता आहे, असे त्या निकालात कोठेही म्हटलेले नाही.

‘आमचे आवार, आमचे नियम’ हा दुसरा युक्तिवाद. पण ही संकुले मुख्यतः महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० खाली नोंदलेल्या संस्था आहेत. नावातच ‘सहकारी’ हा शब्द ती मिरवतात. ज्यांच्या श्रमांवाचून संकुलाचा एक दिवसही धड जात नाही, त्यांना सहकाराच्या परिघाबाहेर ठेवून त्यांच्यावर कॅमेरा रोखणे, हे सहकाराचे विडंबन आहे.

फाटकावरील रखवालदाराची स्थितीही याच व्यवस्थेचा भाग आहे. महाराष्ट्राने माथाडी कायद्याच्या धर्तीवर १९८१ मध्ये खाजगी सुरक्षा रक्षकांसाठी स्वतंत्र कायदा केला. मंडळात नोंदणी, मंडळामार्फत वेतन, भविष्यनिर्वाह निधी, रजा ही त्याची उद्दिष्टे होती. परंतु खाजगी संस्थांमार्फत नेमणुका, कायद्यातून मिळणाऱ्या सवलती आणि अंमलबजावणीतील शिथिलता यांमुळे असंख्य रक्षक आजही बारा-बारा तास पत्र्याच्या खोक्यात उभे असतात. नवी यंत्रे विकताना विक्रेता पहिले आश्वासन देतो ते ‘रक्षकांची संख्या कमी होईल’ हेच. म्हणजे ज्याने शेजारणीच्या वेदना ऐकून रुग्णवाहिका बोलवायची, त्या माणसाला काढून त्याच्या जागी केवळ चित्र साठवणारी पेटी बसवायची आणि यालाच प्रगती म्हणायचे!

समाजवादी चळवळीचा विरोध यंत्राला नाही. यंत्र कोणाच्या हाती आणि कोणाविरुद्ध, हा तिचा प्रश्न आहे. म्हणून मागण्याही स्पष्ट असल्या पाहिजेत. कामगारांना गुण देण्याची पद्धत बंद व्हावी. आपल्याविषयी काय नोंदले आहे, हे पाहण्याचा व काम सोडल्यावर ती नोंद पुसून टाकण्याचा हक्क त्यांना मिळावा. लेखी कारण व सुनावणी यांखेरीज कोणाचाही प्रवेश बंद करू नये. उद्वाहन सर्वांना एकच असावे आणि झडती घ्यावयाची असेल तर ती सर्वांची घ्यावी. रक्षकाची नोंदणी मंडळात व्हावी आणि त्याचा दिवस आठ तासांचा असावा.

१९८० मध्ये पुण्यातील मोलकरणींनी संप पुकारला, तेव्हा त्यांच्याजवळ ना कायदा होता, ना मंडळ होते. त्यातून त्यांची संघटना उभी राहिली. घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा व्हावयास मात्र २००८ साल उजाडले. त्या स्त्रियांच्या लेकीसुना आज यंत्रासमोर चेहरा धरून उभ्या आहेत. कार्यकर्त्यांनी आपल्या वस्तीतील अशा एका तरी फाटकाशी सकाळी सात वाजता जाऊन उभे राहावे आणि त्या रांगेशी बोलण्यास सुरुवात करावी. त्या कार्यकर्त्यांपैकी जे स्वतः अशाच संकुलात राहत असतील, त्यांनी हा विषय प्रथम आपल्या संस्थेच्या सर्वसाधारण सभेत मांडावा. रांगेशी बोलण्याचा अधिकार त्यांना त्यानंतरच पोहोचतो.