घरी सुरी बनवताय? भंगारातला पाटा नको, ओळखीचे पोलाद घ्या

व्हिडिओ पाहून घरी सुरी बनवायला निघालेल्यांची पहिली धाव भंगारवाल्याकडे असते. ट्रकचा जुना पाटा, झिजलेली कानस, बेअरिंगची रिंग. माल स्वस्त, पण गणित इथेच चुकते. चार रविवार घासून आकार दिलेले पाते शेवटी तेलात बुडवताना तडकते, नाहीतर मऊच राहते.

ओळखीचे पोलाद का?
पात्याला पाणी पाजायचे म्हणजे ते तापवून झटकन थंड करायचे. किती तापवायचे, किती वेगाने थंड करायचे, हे पोलादातल्या घटकांवर ठरते. घटकच माहीत नसतील तर सगळा अंदाजपंचे कारभार. शिवाय वर्षानुवर्षे भार सोसलेल्या पाट्यात न दिसणाऱ्या चिरा असू शकतात.

कोणते निवडावे?
१०८४ किंवा १०७५. शेवटचे दोन आकडे कार्बन सांगतात. १०८४ मध्ये तो सुमारे ०.८४ टक्के. अशा साध्या पोलादाला तापमान फार वेळ धरून ठेवावे लागत नाही. ईएन ८ मध्ये कार्बन जेमतेम ०.४ टक्के, त्यामुळे धार टिकत नाही. ईएन ३१ दर्जेदार, पण ते ठरावीक तापमानाला काही मिनिटे स्थिर ठेवावे लागते. कोळशाच्या भट्टीत नवख्याला ते अवघडच.

घरी काय करायचे?
सुमारे ७७० अंश सेल्सिअसला पोलादाला लोहचुंबक चिकटेनासे होते. १०८४ त्याहून थोडे वर, ८१५ अंशांच्या आसपास नेऊन कोमट खाद्यतेलात बुडवावे. कानस पात्यावरून नुसती घसरली, की समजावे कडकपणा आला. मग ओटीजीमध्ये २०० अंशांवर दोन तास, असे दोनदा. ही पायरी गाळली तर पाते ठिसूळ राहते आणि उडालेला तुकडा डोळ्यात जाऊ शकतो. काम उघड्यावर करावे, गॉगल घालावा आणि तेल पेटलेच तर झाकायला लोखंडी झाकण हाताशी ठेवावे.

लोहार तर पाटाच वापरतो?
खरे आहे. गावोगावी कोयते पाट्यापासून घडतात. पण रंगावरून ताव ओळखणारी लोहाराची नजर वर्षानुवर्षांच्या सरावाने तयार झालेली असते. नवख्याकडे ती नसते.

म्हणून पट्टी घेताना ग्रेड विचारावा, टेस्ट सर्टिफिकेट मागावे. पहिले पाते बिघडणारच. पोलाद ओळखीचे असेल तर चूक कुठे झाली ते कळते आणि दुसरे पाते सुधारते. अनोळखी पोलाद बिघडले, तर दोष हाताचा की मालाचा, हेही कळत नाही.