हाडे दुखतात? वयाला दोष देण्याआधी कॅल्शियम तपासा

आपल्या वस्त्यांमध्ये हाडे दुखणे हा आजार मानलाच जात नाही. भीमनगर असो, मुकुंदवाडी असो की मिलिंदनगर, पन्नाशीतल्या आयाबायांना विचारा. कंबर, गुडघे, पिंढऱ्या ठणकतात. घरचे म्हणतात, "वय झालं." सुई टोचली जाते, मेडिकलवरून दुखण्याची गोळी येते आणि दुसऱ्या दिवशी माय पुन्हा धुणीभांड्याला जाते. कारण न शोधता दुखणे दाबत राहणे हा त्या बाईवर अन्याय आहे, असे माझे स्पष्ट मत आहे.

या दुखण्याचे एक कारण गळ्यात असू शकते. थायरॉइड ग्रंथीच्या मागे तांदळाच्या दाण्याएवढ्या, बहुतेकांना चार, ग्रंथी असतात. त्यांना पॅराथायरॉइड म्हणतात. नावात साम्य असले तरी काम वेगळे आहे. रक्तातले कॅल्शियम सांभाळणे ही त्यांची जबाबदारी. ते दर डेसिलिटर रक्तात साधारण 8.5 ते 10.5 मिलिग्रॅम असावे लागते, कारण स्नायू, नसा आणि हृदय त्यावर चालतात. ते कमी पडले की या ग्रंथी पीटीएच नावाचे संप्रेरक सोडतात आणि हाडांतले कॅल्शियम रक्तात येते. शरीरातले 99 टक्के कॅल्शियम हाडांत आणि दातांत असते. हाडे म्हणजे आपली बचत.

ही बचत दोन प्रकारे मोडते. अंगाला ऊन लागत नाही, 'ड' जीवनसत्त्व कमी पडते, मग अन्नातले कॅल्शियम अंगी लागत नाही आणि ग्रंथी हाडांतून उचल करत राहतात. दुसरे म्हणजे, एखाद्या ग्रंथीत गाठ होते. ती बहुधा कॅन्सरची नसते, पण गरज नसताना पीटीएच सोडत राहते. मग हाडे ठिसूळ होतात, मुतखडा पुन्हा पुन्हा होतो, तहान, बद्धकोष्ठ, थकवा, उदासपणा येतो. हा आजार बायकांमध्ये जास्त आढळतो. उदास बाईला अंगारा लावून काहीही होणार नाही. रक्त तपासावे लागते.

म्हणून मनानेच कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करू नका. रक्तात ते आधीच वाढलेले असेल तर गोळी अपाय करील. घाटीत गेलात की डॉक्टरांना विचारा, "कॅल्शियम आणि 'ड' जीवनसत्त्व तपासायचे का?" कॅल्शियम वाढलेले निघाले तर पीटीएचची तपासणी करतात. गाठ असलेली ग्रंथी शस्त्रक्रियेने काढली की बहुतेक रुग्ण बरे होतात. थायरॉइडच्या ऑपरेशननंतर तोंडाभोवती मुंग्या आल्या, हाताला पेटके आले, तर कॅल्शियम घटलेले असू शकते. लगेच दवाखाना गाठा.

जयंतीला आणि धम्मचक्र प्रवर्तन दिनाला आपण आरोग्य शिबिरे घेतो. तिथे बीपी, शुगर तपासतात. हाडे दुखणाऱ्या, मुतखड्याने बेजार झालेल्या बायाबापड्यांसाठी कॅल्शियमची तपासणीही ठेवा. डीजेचा थोडा खर्च वाचवला तरी हे जमेल. 1928 साली मुंबई विधिमंडळात बाबासाहेबांनी बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. कष्टकरी बाईच्या शरीराची काळजी हा सार्वजनिक प्रश्न आहे, हे त्यांनी तेव्हाच ओळखले होते.

दुःख आहे आणि त्याला कारण आहे, असे तथागतांनी सांगितले. आपल्या मायच्या दुखण्याचे कारण शोधणे हेही धम्माचेच आचरण आहे.